आवाज फाडून द्या

लाउडस्पीकर दुरुस्तीच्या धंद्यात रोग एकच आहे, बाकी सगळी त्याची लक्षणं. तो रोग म्हणजे आवाज फाटणे. उमरखेडच्या बसस्टँडजवळचं वडिलांचं दुकान मी हाती घेतलं, तेव्हा पहिलं काम केलं ते हे की, आवाज फाटण्याची सगळी कारणं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवली. थकलेला व्हॉल्व्ह, सुकलेला कंडेन्सर, भोंग्याच्या आतला तडकलेला पडदा, तोंडाला लावलेला माईक, अशी ती यादी खाली खाली जायची आणि शेवटचं कारण होतं, 'गिऱ्हाईक स्वतः'. कारण निम्मे लोक बटण पूर्ण पिरगाळून ठेवायचे आणि मग मशीन घेऊन माझ्याकडे यायचे.

मी आयटीआय केलेली बाई. तांड्यावरची पोर हातात सोल्डर गन घेऊन बसते याचं लोकांना काही दिवस आश्चर्य वाटलं, मग सवय झाली. मला मात्र गिऱ्हाइकांचं आश्चर्य वाटणं कधी थांबलं नाही. एका भजनी मंडळाचे अध्यक्ष दर शनिवारी अँप्लिफायरची हळद-कुंकू वाहून पूजा करायचे, आणि ते सगळं वरच्या जाळीतून आत जायचं. मशीन उघडलं की देव्हारा उघडल्यासारखं वाटायचं. एकाच्या मशीनमध्ये उंदरानं कापसाचं घर केलं होतं. व्हॉल्व्ह तापतात, म्हणून थंडीत उंदराला ती जागा आवडली असावी. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मशीनमधून धूर निघाला. नवरदेवाच्या मामांनी माझ्याकडे येऊन विचारलं, "ताई, हा अपशकुन तर नाई ना?" मी म्हटलं, "अपशकुन नाही, उंदीर आहे."

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आत काचेचे छोटे दिवे असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचं. ते तापून लालसर झाले की बारीक आवाज मोठा करतात. पुढे ट्रान्झिस्टर आले. ते स्वस्त, हलके, तापत नाहीत. पण दोघांच्या स्वभावात फरक आहे. क्षमतेपेक्षा जास्त आवाज मागितला की ट्रान्झिस्टर तो कापतो, कात्रीनं कापावा तसा. व्हॉल्व्ह कापत नाही, तो दमतो. दमलेल्या गायकाचा गळा भरून यावा तसा आवाज जाड होतो, खरखरतो आणि मग फाटतो. कापणं आणि दमणं यांतला हा फरक मला पुस्तकातून माहीत होता. तो कुणाला हवासा वाटेल, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्याकडे कापूस बिघडला की सगळ्यात आधी गाणं बंद होतं. लग्नं व्हायची, पण गावजेवण नाही, वरात नाही, ऑर्केस्ट्रा तर नाहीच. माझ्या दुकानात दुरुस्त होऊन पडलेली मशीनं कुणी न्यायला येईना. त्यात एका बंद पडलेल्या फिरत्या टॉकीजचा मोठा व्हॉल्व्ह अँप्लिफायर होता आणि पडद्यामागे ठेवायचा लाकडी खोक्यातला स्पीकरही. टॉकीजवाला म्हणाला होता, "ठेव बाई, आता पाहते कोन पिच्चर." आणि तो गेला तो गेलाच.

अशा एका दुपारी राजरत्न आला. ढाणकीचा, माझ्याच वयाचा, पाठीला गिटार. त्याला मी ओळखत होते. जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं वाजवणाऱ्या उद्धवरावांच्या पार्टीत तो गिटार वाजवायचा.

"जयभीम ताई. एक काम होतं."

"जयभीम. काय बिघडलं?"

"बिघडलं काई नाई जी. बिघडवून पायजे."

"काय?"

"आवाज. आवाज फाडून द्या मले."

मी भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं. त्यानं ती नीट वाचली आणि म्हणाला, "हेच. हेच सगळं पायजे. फक्त शेवटचं सोडून."

मग त्यानं खिशातून एक कॅसेट काढली. वरचं नाव पुसलेलं होतं. नागपूरहून कुणीतरी दिलेली, इंग्रजी गाण्यांची. मी ती दुकानातल्या डेकवर लावली आणि ऐकून सर्द झाले. गिटारचा एक सूर निघाला आणि तो संपेचना. तो सूर फाटलेला होता यात शंकाच नाही, पण फाटून रुंद झाला होता. रडल्यासारखा, ओरडल्यासारखा, आणि तरीही सुरात.

"हा बिघाड आहे," मी ठामपणे सांगितलं. "यांचं मशीन गेलेलं आहे."

"ताई, मागून टाळ्या ऐका. मैदान भरून लोक हायेत. या बिघाडालेच टाळ्या देऊन राह्यले."

काहून पायजे तुले हे, असं मी विचारलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. पार्टीच्या तारखा निम्म्यावर आल्या होत्या. बासरीवाला गेला, दुसरा ढोलकीवाला गेला. उद्धवराव स्वतः कीबोर्ड वाजवायचे आणि नवीन कीबोर्डात गिटारचं बटण होतं. त्यांनी राजरत्नला सांगितलं होतं, "राजा, बटन दाबलं का गिटार वाजते, अन् बटन जेवण मागत नाई. ढाणकीच्या जयंतीपर्यंत वाजव, मंग पाहू."

"बटनातून निघत नाई असा आवाज पायजे मले," राजरत्न म्हणाला. "नाई तर ढाणकीनंतर मी घरी."

मी टॉकीजवाल्याच्या मशीनवरची धूळ पुसली.

पहिल्या प्रयत्नात गिटार माईकच्या जागी लावली आणि बटण पूर्ण फिरवलं. आवाज फाटला, पण डब्यात माशी अडकल्यासारखा. राजरत्ननं तोंड वाकडं केलं. "हे तर भोंग्यासारखं वाटते." भोंगा काढून टॉकीजचा कागदी पडद्याचा स्पीकर लावला. माशी गेली, पण सूर कोरडाच. मग मी मशीनचा नकाशा काढून बसले. सभेच्या अँप्लिफायरमध्ये एक वायर अशी असते की, मशीन तिच्यातून स्वतःचाच आवाज मागून ऐकतं आणि चूक झाली की लगेच दुरुस्त करतं. आवाज साफ राहतो तो त्या वायरमुळे. आयुष्यभर मी ती वायर तुटलेली सापडली की जोडत आले होते. त्या दिवशी ती मी स्वतःच्या हातानं कापली. कापताना पाप केल्यासारखं वाटलं, खोटं का सांगू.

राजरत्ननं तार छेडली. आवाज मऊ फुटला, जाड झाला. त्यानं लगेच तीच तार पुन्हा छेडली.

आणखी एक गंमत अशी की, संध्याकाळी आवाज जास्त चांगला लागायचा आणि सकाळी नाही. मी मीटर लावलं तेव्हा कळलं. संध्याकाळी शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पार खाली यायचं. दिवे पिवळे, पंखे मोजता येतील असे. कमी व्होल्टेजवर व्हॉल्व्ह लवकर दमायचा आणि गिटार गायला लागायची. ज्या व्होल्टेजला सगळा तालुका शिव्या देत होता, ते राजरत्नला हवं होतं! मी व्होल्टेज खाली आणणारा एक जुना ट्रान्सफॉर्मर जोडून दिला, म्हणजे संध्याकाळची वाट पाहायला नको.

पण व्हॉल्व्ह दमवायचा तर मशीन पूर्ण जोरात चालवावं लागतं, आणि दुकानाच्या एका बाजूला टेलर, दुसऱ्या बाजूला दवाखाना. टेलर येऊन म्हणाला, "ताई, सुई तुटून राह्यली माही दणक्यानं. कोनाले मारून राह्यले तुम्ही आत?" तेव्हा आम्ही मशीन ऑटोत घातलं आणि गावाबाहेरच्या, कापसाची सरकी काढतात त्या जिनिंगवर गेलो. तिथला भोंगा मीच दुरुस्त करायची, म्हणून ओळख होती. चौकीदार शेख चाचांनी गोडाऊनचं दार उघडून दिलं. आत काहीच नव्हतं. भाव नाही म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला होता आणि खरेदी सुरू झाली नव्हती.

"बजाओ बेटा," चाचा म्हणाले. "पिछले साल यहाँ पाँव रखने को जगह नहीं थी. अब तो कबूतर भी ऊब गए."

राजरत्ननं एक सूर लावला.

तो सूर मला अजून आठवतो. टिनाच्या छपराला जाऊन, चारी भिंतींना धडकून तो परत आला, आणि येताना मोठा होऊन आला. छपरावरची कबुतरं एकदम उडाली. चाचा दारातल्या स्टुलावरून उठून उभे राहिले. कॅसेटमधला आवाज होता तो, त्याहून मोठा. माझा विश्वास बसेना की हे यंत्र मी जुळवलं आहे. बिघाडाची सगळी कारणं एकत्र करून मी काहीतरी असं उभं केलं होतं, जे आमच्या तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. आठवडाभर आम्ही रोज दुपारी तिथं जात होतो. कुठलं बटण किती, ते मी खडूनं मशीनवर लिहून ठेवलं.

मध्ये काही दिवस मला दुसरी कामं होती. जयंती तोंडावर आल्यावर शेवटची तालीम म्हणून आम्ही पुन्हा गोडाऊनला गेलो. सगळं तेच होतं. तीच गिटार, तीच बटणं, तेच खडूचे आकडे. राजरत्ननं तार छेडली आणि आवाज निघाला, तो उशीखाली दाबून धरल्यासारखा. मेलेला.

"ताई, हे काय?"

मी पहिल्यांदा व्होल्टेज पाहिलं. बरोबर. व्हॉल्व्ह बदलले. तेच. स्पीकरचा कागद तपासला, वायरी तपासल्या, कंडेन्सर बदलले. जी वायर कापली होती ती चुकून जोडली तर गेली नाही ना, तेही पाहिलं. भिंतीवरची अख्खी यादी मी तिथं उकिडवं बसून तोंडानं म्हणत संपवली. मशीन ठणठणीत होतं, आणि आवाज मेला होता. तीस-एक वर्षांत मशीन ठीक असून आवाज गेला, असं माझ्याबाबतीत कधी झालेलं नाही. फक्त तेव्हा. राजरत्न गिटार मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"चाचा, पाणी द्या हो!" मी दाराकडे तोंड करून ओरडले, आणि ओरडल्याबरोबर थबकले. माझा आवाज परत आलाच नाही. आठवडाभर तिथं साधं खोकलं तरी घुमायचं.

मी मागे वळून पाहिलं. तीन दिवसांपूर्वी खरेदी सुरू झाली होती. लोकांनी घराघरातून कापूस काढून आणला होता आणि आमचा कोपरा सोडून गोडाऊन छपरापर्यंत भरलं होतं. पांढराशुभ्र, मऊ, भिंतीच्या भिंती. तो आम्हाला येतानाच दिसला होता, चाचांशी भावाबद्दल बोलणंही झालं होतं. पण आमच्या जिल्ह्यात गोडाऊनमध्ये कापूस दिसला तर त्याकडे कोण लक्ष देतं? कापूस आवाज खातो, हे माझ्या यादीत नव्हतं.

मी राजरत्नला सांगितलं, तेव्हा त्यानं उठून कापसाच्या भिंतीवर हात ठेवला.

"म्हंजे आपला आवाज नोताच काय, ताई? गोडाऊनचा होता?"

"अर्धा तुझा, अर्धा गोडाऊनचा."

"अन् ढाणकीले तर उघडं मैदान हाये. तिथं भिंतच नाई."

ते खरं होतं. आणि दोन दिवस हातात होते. मी घरी आले, चहा केला, आणि चहा संपेपर्यंत मला सुचलं. ढाणकीच्या मैदानाला लागून बाजाराचे गाळे आहेत, वर टिन, पुढे शटर. त्या वर्षी त्यांतले बरेचसे बंदच होते. आपण एक रिकामा गाळा मिळवू, मशीन आणि स्पीकर आत ठेवू, शटर ओढू, आत एक माईक लावू आणि तो माईक बाहेरच्या मोठ्या भोंग्यांना देऊ. राजरत्न वाजवेल स्टेजवर, त्याचा आवाज घुमेल गाळ्यात, आणि मैदानाला ऐकू येईल तो गाळ्यातला. वायर लांबली की गिटार मंद होते, म्हणून स्टेज गाळ्याला पाठ लावून बांधायला सांगितलं. मंडपवाला कुरकुरला. मी ऐकलं नाही.

जयंतीच्या दुपारी सगळं जोडलं. राजरत्ननं सूर लावला, आणि गाळ्याचं टिन बारीक थरथरलं. तो थरथराटही आवाजात उतरला, आणि तो मला आवडला. उद्धवराव कीबोर्डच्या मागे उभे होते. त्यांनी हातातला पानाचा विडा तसाच धरून ठेवला.

"राजा, हे काय आनलं बे तू?"

"ताईनं बनवलं जी."

"वा! बाई, एक वायर माह्या कीबोर्डालेही द्या, मलेही नीट ऐकू येऊ द्या." स्टेजवर प्रत्येकजण हे मागतोच. मी वायर दिली. मग ते राजरत्नला म्हणाले, "आता एकेक सूर वाजव. खालून वर. घाई नको करू. मरेपर्यंत धर सूर, मंगच दुसरा."

राजरत्ननं एकेक सूर वाजवला. इतका मन लावून की, मी त्याला त्यापूर्वी तसं वाजवताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक सुरानंतर तो उद्धवरावांकडे पाहायचा आणि ते मान हलवायचे. आम्हाला वाटलं, आवाज तपासून पाहतायत.

संध्याकाळी मैदान भरलं. तिसऱ्या गाण्यात गिटारची जागा होती. पहिला सूर निघाला तसा जनरेटरवाला धावत माझ्याकडे आला. "ताई, भोंगा फाटला, बंद करा, बंद करा!" मी त्याला धरून खाली बसवलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. राजरत्ननं सूर ओढत ओढत वर नेला, तशी तिनं एक हात काढला, मग दुसरा. गाणं संपल्यावर जे ओरडणं सुरू झालं ते मी कॅसेटवरच ऐकलं होतं. तेच गाणं पुन्हा घ्यावं लागलं. राजरत्न स्टेजवरून उतरला तो माझ्या पायाच पडायला निघाला. मी म्हटलं, "कायले? आता तुले कोन काढते पार्टीतून?"

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. गिटार नव्हती पाठीवर.

"पुढच्या तारखाले येऊ नको म्हनले उद्धवराव."

"काहून?"

"सांगतलं नाई. नसन आवडलं."

मी उद्धवरावांना निरोप धाडले, पण ते भेटले नाहीत. राजरत्नला मी माझ्याकडे ठेवून घेतलं. त्याचा कान चांगला होता आणि लग्नांची थोडी कामं सुरू झाली होती. समोर मिक्सर घेऊन बसायचं, कुणाचा आवाज वाढवायचा, कुणाचा कमी करायचा, हे त्याला शिकवावं लागलंच नाही.

मे महिन्यात आर्णीला एका लग्नाचं काम मिळालं. गाण्याची पार्टी मुलीकडच्यांनी ठरवली होती, आणि ती उद्धवरावांची निघाली. मी राजरत्नला म्हटलं, तू येऊ नको. तो म्हणाला, "काम हाये ताई, येतो." पार्टीत आता उद्धवराव, एक गायक, एक गायिका आणि ढोलकीवाला, एवढेच होते. नमस्कार-चमत्कार झाले. उद्धवराव राजरत्नच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं झालं, लाइनीतच राह्यला तू."

दुसरं गाणं सुरू झालं आणि मधल्या जागेवर गिटार वाजली.

मी स्टेजकडे पाहिलं. गिटार घेतलेला माणूस तिथं कुणीच नव्हता. उद्धवरावांचा उजवा हात कीबोर्डवर होता. आवाज तोच होता. तोच दमलेला व्हॉल्व्ह, तोच रुंद फाटलेला सूर, आणि सुराच्या शेवटी गाळ्याच्या टिनाचा तो बारीक थरथराट. आवाज भरून ठेवणारे कीबोर्ड तेव्हा नवीन निघाले होते. मी ते ऐकून होते, हाताळलेले नव्हते. त्या दुपारी राजरत्ननं मरेपर्यंत धरलेला एकेक सूर मी दिलेल्या वायरीतून त्या डब्यात गेला होता. आजवर मशीनमधून गेलेला आवाज मी परत आणत आले होते. माणसाचा आवाज त्याच्यावाचून असा चालताना मी पहिल्यांदा पाहत होते.

राजरत्न माझ्या शेजारी मिक्सरवर बसला होता. त्याला पहिल्या सुरालाच कळलं असणार. त्यानं मान वर केली नाही.

स्टेजवरून उद्धवराव माईकवर ओरडले, "गिटार वाढवा! गिटार ऐकू नाई येऊन राह्यली!"

मी उठले. राजरत्नच्या हाताखालचं गिटारचं बटण मी स्वतः खाली ओढणार होते, कार्यक्रम बंद पडला तरी चालेल. पण त्याआधीच राजरत्ननं बटण वर सरकवलं. पाहिजे तेवढं. आवाज मांडवभर पसरला आणि पोरं नाचायला उठली.

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "इथं मी सूर वढत वर नेतो, ताई. त्याईले वढता येत नाई. एकाच जागी धरून उभे हायेत, पाहा."

आणि गायिकेचा आवाज दबत होता म्हणून त्यानं तोही थोडा वाढवला.